आखाजीला लस, पोळ्याला पूजा

(वडनेर भोलजी येथील कास्तकारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावाची सभा असली की मंडप आपोआप भरतो. आज विषय आहे ढोरांच्या लसीचा, तरी तुम्ही एवढे जण आलात. मायबहिणी तर नेहमीपेक्षा जास्त आल्या. याचे कारण आम्हाला कळते. कोठ्यातले शेण काढणारी, ढोरांना पाणी दाखवणारी, आणि आज बैल रवंथ का करत नाही हे सगळ्यांच्या आधी ओळखणारी घरची बाईच असते. ज्यांच्या हाताखाली ढोरे आहेत त्यांना विषयाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

२०२२ चा पोळा तुम्हाला आठवत असेल. कितीतरी गावांत तोरण लागले नाही. खांदशेकणी झाली ती घरच्या घरी. ज्या बैलाच्या अंगावर झूल टाकायची त्याच्या अंगावर गाठी आल्या होत्या. पुढच्या वर्षी पुन्हा तीच धास्ती. लम्पी हे नाव त्याआधी आपल्याकडे कोणी ऐकले नव्हते. आता शाळेतले पोरही सांगते.

आम्ही आज एकच गोष्ट सांगायला उभे आहोत. लस होती, आहे आणि मिळते. पण लस वेळेवर टोचली तरच ती लस. साथ आल्यावर टोचलेली लस म्हणजे आग लागल्यावर खोदलेली विहीर. ही विहीर आधी खोदायची कशी, त्यात सरकारचे काम कोणते आणि आपले कोणते, एवढाच आजचा हिशेब आहे.

रोग न कळवता आला नव्हता

काही जण म्हणतात, हे संकट अचानक कोसळले. आम्हाला हे मान्य नाही. या रोगाचा रस्ता तारीखवार पाहा.

आफ्रिकेत झांबिया नावाचा देश आहे. तिथे १९२९ साली हा रोग पहिल्यांदा नोंदला गेला. पुढे कित्येक वर्षे तो आफ्रिकेतच फिरत राहिला. मग अरब देश, तुर्कस्तान असे करत तो आशियात शिरला. आपल्या देशात तो २०१९ साली ओडिशात सापडला. २०२० साली विदर्भाच्या पूर्वेच्या टोकाला, गडचिरोलीकडे आला. म्हणजे विदर्भाच्या दाराची कडी त्याने २०२० सालीच वाजवली होती. २०२२ च्या उन्हाळ्यात तो गुजरातेत कच्छकडे भडकला, तिथून राजस्थानात गेला आणि तिथे गाई मरून पडल्याची छायाचित्रे साऱ्या देशाने पाहिली. मग ४ ऑगस्ट २०२२ ला आपल्या राज्यातली त्या साथीची पहिली नोंद झाली, ती जळगाव जिल्ह्यात रावेर तालुक्यातल्या चिनावल गावी. आपल्या या हमरस्त्याने मलकापूर गाठा, मुक्ताईनगर ओलांडा, की तो मुलूख आला. पुढच्या काही आठवड्यांत जळगाव, अकोला, अमरावती, अहमदनगर आणि आपला बुलढाणा हे जिल्हे सर्वांत जास्त पोळले.

२०१९ ते २०२२ अशी तीन वर्षे रोग पायी चालत यावा तसा आला. आल्यावर धावपळ झाली. येण्याआधी काय झाले, हा आमचा प्रश्न आहे.

डास काय करतो, माशी काय करते

हा रोग पसरतो कसा, हे नीट समजून घेतले तर लसीची वेळ आपोआप समजते.

लम्पीचा विषाणू हा देवीच्या कुळातला. शेळ्या-मेंढ्यांना जी देवी येते तिचा हा सख्खा भाऊ. आजारी बैलाच्या गाठीत, खपलीत, लाळेत तो असतो. एका बैलाने दुसऱ्याला अंग घासले, दोघांनी एका हौदात तोंड घातले, तरी थोडाफार पसरतो. पण त्याचे खरे वाहन म्हणजे चावणारे किडे. डास, चावरी माशी आणि गोचीड. ही चावरी माशी घरमाशीसारखीच दिसते, पण जनावराच्या पायाला डसते आणि जनावर सारखे पाय आपटत राहते. तिला तुम्ही सगळे ओळखता.

हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो आणि मग माणसात शिरतो. लम्पीचे तसे नाही. इथे डासाची सोंड म्हणजे न उकळलेली सुई. आजारी ढोराचे रक्त पिताना विषाणू सोंडेला लागतो, आणि पुढच्या निरोगी ढोराला टोचला जातो. शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिले आहे. ज्या डासामुळे माणसाला डेंगू होतो, त्याच जातीच्या डासांना आजारी जनावरावर बसवले आणि मग निरोगी जनावरावर सोडले. पाच-सहा दिवसांनंतरही त्या डासांनी रोग दिला.

म्हणूनच लम्पीचा हंगाम आणि डासांचा हंगाम एकच आहे. मृग बरसला, डबकी साचली, उकिरडा ओला झाला की किडे वाढतात. आषाढ-श्रावणात त्यांचा कहर. नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला डवरणीला बैल लागतात. पऱ्हाटीत तण माजले आहे, ज्वारी गुडघ्याला आली आहे, आणि बैल तापाने पाय सुजवून बसला आहे. कोरडवाहू कास्तकाराला याहून वाईट वेळ कोणती?

सप्टेंबर २०२२ मध्ये सरकारने सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. गुरांचे बाजार बंद, शर्यती बंद, प्रदर्शने बंद, ने-आण बंद. आजारी ढोर दुसऱ्या गावी जाऊ नये हे बरोबरच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण हुकूम माणसाला वाचता येतो, माशीला येत नाही. या वावरातून त्या वावरात जायला तिला परवाना लागत नाही. लांबची उडी बाजारबंदीने अडते. गावातल्या गावात पसरणे फक्त लसीने अडते.

घोड्यांची गोष्ट

तुम्ही म्हणाल, बैलांच्या सभेत घोडे कशाला? पण किड्यांच्या रोगाशी लसीने कसे लढायचे, हा धडा जगाने घोड्यांवर गिरवला आहे. आपल्या कामाचा असा तो धडा आहे.

१९७१ साली अमेरिकेच्या टेक्सास राज्यात, मेक्सिकोच्या हद्दीवरून, घोड्यांचा मेंदूज्वर शिरला. तो मुळात व्हेनेझुएला देशातला रोग, डासांनी पसरणारा. त्याची खोड अशी की घोड्याच्या रक्तात विषाणू बेसुमार वाढतो. मग डास त्या घोड्याला चावतो, आणि दुसऱ्या घोड्यालाही देतो, माणसालाही देतो. घोडा म्हणजे रोगाचे कोठारच. तिथल्या सरकारने काय केले? घोड्यांची ने-आण थांबवली, विमानातून डासांवर फवारा मारला, आणि काही महिन्यांत पंचवीस लाखांहून जास्त घोड्यांना लस टोचली. त्याच वर्षी साथ मोडली.

एवढी लस इतक्या झटपट कुठून आली? ती त्या वर्षी शोधलेली नव्हती. लष्कराच्या प्रयोगशाळेने दहा वर्षे आधीच ती तयार करून ठेवली होती. रोग दारात येण्याआधी लस कोठारात होती. सगळी मेख इथे आहे.

दुसरी गोष्ट १९९९ ची. न्यूयॉर्क शहरात वेस्ट नाईल नावाचा डासांचा रोग उपटला. पाखरांकडून डासात, डासाकडून माणसात आणि घोड्यात. दोन वर्षांत, २००१ साली, घोड्यांची लस बाजारात आली. आजही तिथे घोडेवाले ती दर वर्षी टोचून घेतात, आणि टोचतात कधी? डास निघण्याच्या आधी, वसंतात. डास निघाल्यावर धावत नाहीत.

या दोन रोगांत एक फरक आहे, तो ध्यानात घ्या. वेस्ट नाईलमध्ये आजारी घोडा पुढे रोग देत नाही, त्याच्या रक्तात विषाणू तेवढा वाढतच नाही. तिथे ज्याने लस टोचली त्याचा घोडा वाचला, शेजाऱ्याचा शेजाऱ्याने पाहावा. पण १९७१ च्या रोगात एक आजारी घोडा म्हणजे साऱ्या पंचक्रोशीला धोका. तिथे शेजाऱ्याचा घोडा टोचलेला असणे ही माझीच गरज होती.

आपला लम्पी या दुसऱ्या जातीचा आहे. आजारी बैल हाच पुढच्या बैलाच्या रोगाचा उगम. म्हणून आम्ही सांगतो, माझ्या बैलाची अर्धी लस माझ्या कोठ्यात आहे आणि अर्धी शेजाऱ्याच्या कोठ्यात. एकट्याने टोचून भागत नाही. गाव टोचले तर गाव वाचते.

लस कुठून आली

घोड्यांचा आणखी एक धागा आहे. लम्पीची आपली देशी लस जिथे बनली ती संस्था मुळात घोड्यांची आहे. हरियाणात हिसार येथे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, १९८५ साली स्थापन झालेले. तिथल्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली रांचीकडच्या आजारी गाईंमधून हा विषाणू वेगळा काढला. प्रयोगशाळेत पेशींवर तो पन्नास वेळा वाढवून वाढवून त्याचे दात पाडले. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने त्यात साथ दिली. अशा रीतीने लम्पी-प्रोव्हॅक ही लस तयार झाली. १० ऑगस्ट २०२२ ला दिल्लीत ती जाहीर झाली.

तारखा जुळवून पाहा. ४ ऑगस्टला चिनावलला रोग, १० ऑगस्टला दिल्लीत लस. सहा दिवसांचे अंतर. मग आपले बैल का मेले? कारण प्रयोगशाळेतली कुपी म्हणजे कोठ्यातली सुई नव्हे. लस शोधणे हे एक काम, लाखो मात्रा बनवणे हे दुसरे, आणि बर्फाच्या पेटीतून ती वडनेरच्या कोठ्यापर्यंत पोचवणे हे तिसरे. पहिले काम आपल्या शास्त्रज्ञांनी तीन वर्षांत केले, त्यांना आम्ही मानतो. दुसऱ्या कामासाठी पुण्याच्या पशुवैद्यकीय जैवपदार्थ निर्मिती संस्थेशी करार झाला तो २९ डिसेंबर २०२२ ला, नागपुरात. तोपर्यंत पोळा, दसरा, दिवाळी सारे उलटून गेले होते. २०२५ साली हिसारच्याच विषाणूपासून बनलेल्या आणखी एका लसीला केंद्राची परवानगी मिळाली. टोचलेले जनावर कोणते आणि रोग होऊन गेलेले कोणते, हे त्या लसीमुळे तपासणीत वेगळे ओळखता येते.

मधल्या काळात आपल्या ढोरांना काय टोचले? शेळीच्या देवीची लस. भाऊबंद विषाणू असल्याने तिचा उपयोग होतो. गाईच्या देवीने माणसाची देवी रोखली, तसाच हा प्रकार. राज्यात गाय-बैल मिळून सुमारे एक कोटी चाळीस लाख जनावरे, त्यांच्यासाठी मोहीम निघाली आणि लस मोफत टोचली गेली. पशुसंवर्धनाचे डॉक्टर, पर्यवेक्षक, खाजगी सेवा देणारी पोरे चिखल तुडवत कोठ्या-कोठ्यांत फिरली. त्यांना नावे ठेवायला आम्ही इथे आलो नाही. आमचे भांडण वेळेशी आहे.

एकवीस दिवसांचा हिशेब

पेरल्याबरोबर कणीस येत नाही, तसे टोचल्याबरोबर बळ येत नाही. लस टोचल्यापासून अंगात पुरती ताकद यायला सुमारे तीन आठवडे लागतात. रोग अंगात शिरून दिसायला मात्र कधी चार दिवस, कधी चौदा दिवस पुरतात. ही शर्यत आहे, आणि उशिरा सुटलेला गडी ती जिंकत नाही.

२०२२ च्या ऑगस्टात ४ तारखेला पहिले जनावर नोंदले गेले. पोळा त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात होता. म्हणजे मध्ये कसेबसे तीन आठवडे. त्या पहिल्याच दिवशी जिल्ह्यातले प्रत्येक ढोर टोचले असते, तर पोळ्यापर्यंत लस जेमतेम लागली असती. प्रत्यक्षात मोहिमेने जोर धरला तो सप्टेंबरात. अंगात रोग मुरत असलेल्या ढोरालाही सुई टोचली गेली. ते चार दिवसांनी गाठींनी भरले, आणि गावात बोलणे सुरू झाले, "लशीनेच लम्पी झाला." लशीने झाला नव्हता. लस उशिरा आली होती.

आता उलटा हिशेब करा. लसीचे बळ सुमारे वर्षभर टिकते. आखाजीच्या सुमारास, एप्रिल-मे महिन्यात टोचली, तर मृगापर्यंत ती पुरती लागते. श्रावण, भादवा, आश्विन हा डासांचा सारा हंगाम तिच्या आत बसतो. त्या दिवसांत बैलांना वखरणी सोडली तर फारसे काम नसते. एक-दोन दिवस अंग गरम झाले, मानेवर सूज आली, तरी काम अडत नाही. कास्तकार जागेवर सापडतो. म्हणून आमचे म्हणणे दोन शब्दांत: आखाजीला लस, पोळ्याला पूजा.

पंचवीस हजारांचा बैल

कोणी म्हणेल, मेलेल्या ढोराची भरपाई सरकारने दिलीच की. दिली. त्या साथीत दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये ठरले. मदत मिळाली ती नाकारायची नाही. पण हिशेब करायला शिकलेला कास्तकार पुढचा प्रश्न विचारतोच.

चांगली बैलजोडी आज लाखाच्या घरात जाते. पंचवीस हजारांत जोडीचा दुसरा बैल येत नाही. आणि बैल एकटा कधी मरत नाही. जोडीतला एक गेला की दुसरा खुंट्याला बसून खातो. त्याच्या मापाचा, त्याच्या चालीचा जोडीदार मिळेपर्यंत तिफण उभी. बाजार बंद, म्हणजे पैसे असले तरी बैल मिळत नाही आणि विकायचा असला तरी विकता येत नाही. मग ट्रॅक्टरवाल्याच्या दारात जा, तो सांगेल तो भाव द्या.

मेला नाही पण महिनाभर बसून राहिला, अशा बैलांची तर कुठेच नोंद नाही. या रोगात मरणाऱ्यांपेक्षा आजारी पडून उठणारे कितीतरी जास्त असतात. गाय वाचते पण दूध आटते, गाभण असली तर गाभडते. बैल वाचतो पण पाय सुजून हंगाम हुकतो. हुकलेल्या डवरणीचा पंचनामा होत नाही. तणाने खाल्लेल्या पऱ्हाटीला भरपाई नाही. म्हणून आम्ही म्हणतो, भरपाई हा शेवटचा उपाय, लस हा पहिला. भरपाईची फाईल फिरते त्याच्या किती तरी आधी सुई फिरायला हवी.

बुळकांडी कशी गेली

म्हाताऱ्या मंडळींना बुळकांडी आठवत असेल. एका आठवड्यात गावाचा गोठा साफ करणारा रोग. त्या रोगावर संशोधन करायला १८८९ साली पुण्यात प्रयोगशाळा निघाली होती. पुढे ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली, आणि आजची इज्जतनगरची संस्था तिचीच वारस. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशभर बुळकांडीच्या लसीचा कार्यक्रम सुरू झाला. १९९५ साली देशातले शेवटचे जनावर नोंदले गेले. २००६ साली भारत बुळकांडीमुक्त ठरला आणि २०११ साली सारे जग. माणसाच्या देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसरा रोग.

बुळकांडी आणि लम्पी सारखे नाहीत. बुळकांडी किड्यांनी पसरत नव्हती, आणि तिची लस एकदा टोचली की जन्माला पुरायची. लम्पीची दर वर्षी टोचावी लागते. पण एक गोष्ट तीच आहे. बुळकांडी गेली ती साथ आल्यावर धावून गेली नाही. साथ नसतानाही वर्षानुवर्षे सुया चालू राहिल्या म्हणून गेली. ज्या वर्षी रोग दिसत नाही त्या वर्षीची लस सर्वांत मोलाची. आणि नेमकी त्याच वर्षी सरकारही विसरते, आपणही विसरतो.

आपल्या शंका

गावोगाव फिरताना जे विचारले जाते त्याची उत्तरे इथेच देऊन टाकतो.

लस टोचूनही बैलाला गाठी आल्या, मग लस खोटी का? तीन कारणे असू शकतात. टोचण्याआधीच रोग अंगात होता, किंवा तीन आठवडे व्हायच्या आत रोगाने गाठले, किंवा लस वाटेत तापली. ही लस जिवंत विषाणूची असते. तिला दोन ते आठ अंश थंडावा लागतो. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात पेटीतला बर्फ वितळला तर कुपीत पाणीच उरते. आणि काही जनावरांना टोचूनही रोग होतो, पण बहुधा हलका होतो.

एकाच सुईने सगळ्यांना टोचले तर? तर तुम्ही डासाचे काम करत आहात. प्रत्येक ढोराला वेगळी सुई, हे हक्काने मागा. लाजू नका.

आजारी ढोराला टोचावी का? नाही. ताप असलेले, गाठी आलेले जनावर वेगळे बांधा, डॉक्टरांना दाखवा. लस निरोगी ढोरासाठी आहे. अगदी लहान वासराबद्दल आणि गाभण गाईबद्दल टोचणाऱ्या डॉक्टरांना विचारून घ्या.

दूध प्यावे का? लम्पी माणसाला होत नाही. दूध नेहमीसारखे उकळून प्यावे. २०२२ साली या भीतीने कितीकांचे दूध कोणी घेईना, ते नुकसान रोगाने केले नाही, अफवेने केले.

शेळ्या-म्हशींचे काय? शेळ्या-मेंढ्यांना लम्पी होत नाही. म्हशीला क्वचित होतो. घोड्याला होत नाही. पण आजारी बैलाला चावलेली माशी शेजारच्या गाईवर बसेलच.

औषध नाही का? विषाणू मारणारे औषध नाही. ताप उतरवणे, जखमेत जंतू होऊ न देणे, चारा-पाणी तोंडाशी नेणे, एवढेच हातात आहे. वेळेवर केले तर पुष्कळ ढोरे उठतात. म्हणूनच लपवू नका. २००९ च्या कायद्याने असा रोग दिसला की कळवणे हे मालकाचे कर्तव्यच आहे, आणि न कळवलेल्या ढोराची भरपाई मागताना तोंड उघडता येत नाही.

आपले काम, सरकारचे काम

आधी आपल्या घरचे.

एक, चैत्रात गावातल्या ढोरांची यादी करा. कोणाकडे किती बैल, किती गाई, किती वासरे. ही यादी आपण करायची, तलाठ्याची वाट पाहायची नाही. मोकाट ढोरे आणि रस्त्याने येणारे कळप यांची नोंदही त्यात हवी. मोकाट गाय टोचायची राहिली तर गावाच्या कुंपणाला तेवढे भगदाड राहिले.

दोन, कानात बिल्ला मारून घ्या. विक्रीला, लसीच्या नोंदीला आणि वेळ आली तर भरपाईला तोच पुरावा.

तीन, लसीचा दिवस गावाने ठरवा. सकाळी ऊन चढायच्या आत सगळी ढोरे एका झाडाखाली आणा, दोर घालून ठेवा. एक डॉक्टर दिवसभर कोठे शोधत फिरला तर निम्मी लस उन्हात जाते. ढोरे तयार असली तर तो तासाभरात गावाचा मोठा भाग टोचतो.

चार, कोठा कोरडा ठेवा. उकिरडा कोठ्यापासून दूर न्या, मुताची नाली वाहती करा, डबक्यावर जळके तेल सोडा, संध्याकाळी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करा, गोचिडाचे औषध डॉक्टरांना विचारून लावा. हे केल्याने लस नको असे होत नाही. लसीच्या जोडीला हा बांध आहे.

पाच, नवे ढोर विकत आणले तर दोन-तीन आठवडे वेगळे बांधा.

आता सरकारचे. आमच्या मागण्या मोजून पाच आहेत.

पहिली, लम्पीची लस दर वर्षी मार्चअखेर तालुक्याच्या शीतपेटीत हवी आणि मृगाच्या आधी प्रत्येक गावात टोचून झालेली हवी. बियाण्याची तारीख ठरते तशी लसीची तारीख ठरवा.

दुसरी, साथ नसलेल्या वर्षीही लस मोफत आणि पूर्ण मिळावी.

तिसरी, दवाखान्यात डॉक्टरांची पदे भरा. ज्या दवाखान्याला कुलूप आहे तिथली शीतपेटी काय कामाची? आणि वीज गेली तरी पेटी थंड राहील अशी सोय करा.

चौथी, ज्या ढोरांना वेळेवर लस टोचली आहे आणि ज्यांच्या कानात बिल्ला आहे, त्यांचे बाजार सरसकट बंद करू नका. तपासा आणि सोडा. लस टोचून घेणाऱ्याला त्याचा काही लाभ दिसला पाहिजे.

पाचवी, भरपाई बाजारभावाला धरून द्या, आणि जोडी मोडल्याचा, हंगाम हुकल्याचा विचार त्यात करा.

या मागण्या कोणावर उपकार करा म्हणून नाहीत. बैल हे आमचे यंत्र आहे. कारखान्याच्या यंत्राला वेळेवर तेल लागते, नाहीतर उत्पादन बुडते, हे ज्यांना समजते त्यांना बैलाला वेळेवर लस लागते हे समजायला हरकत नाही.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, ही बैठक संपली की आपापल्या गावी जा आणि उद्या सकाळी दोन माणसे वही घेऊन कोठ्या-कोठ्यांत फिरवा. यादी झाली की तिची एक प्रत गावात ठेवा, एक दवाखान्यात द्या आणि पोच घ्या. चैत्र संपायच्या आत तारीख मिळाली नाही, तर गावोगावच्या याद्या घेऊन आपण सारे मिळून तालुक्याला जाऊ. रिकाम्या हाताने गेलेल्या माणसाला परत पाठवणे सोपे असते. हातात यादी आणि पोच असलेल्या माणसाला परत पाठवणे सोपे नसते.

येत्या पोळ्याला प्रत्येक गावात तोरण लागले पाहिजे, आणि तोरणाखालून जाणाऱ्या प्रत्येक बैलाच्या मानेत आखाजीची सुई गेलेली पाहिजे. एवढे काम आपण अंगावर घेऊया.